वाईट तेवढं पुसणारं पान

चमचा फरशीवर पडला.

सकाळचे सव्वासात वाजले होते. गोटू टेबलाशी पोहे खात होता, मी पाठमोरी डबा भरत होते, आणि घर इतकं गप्प होतं की त्या एका आवाजाने माझ्या हातातलं झाकण सुटलं. वळून पाहिलं. माझा सहा वर्षांचा मुलगा खुर्चीत नीट बसला होता. हात हवेत, बोटं अर्धी उघडी, डोळे समोरच्या भिंतीवर. पण त्या डोळ्यांत कोणी नव्हतं. मी मोजायला लागले. नऊ, दहा, अकरा. पापण्या फडफडल्या, ओठ दोनदा चाटले गेले. बाराव्याला तो परत आला आणि म्हणाला, "मम्मी, चमचा कोणी पाडला?"

यालाही झटकाच म्हणतात. अंग हलत नाही, तोंडाला फेस येत नाही, म्हणून लोकांना वाटतं पोरगं नुसतं तंद्रीत आहे. इंदूरहून महिन्यातून एकदा येणारे डॉक्टर दर वेळी एकच विचारतात : किती वेळा, किती सेकंद, काय काय दिसलं? त्या आकड्यावर सिरप वाढवायचं की बदलायचं ते ठरतं. म्हणून दीड वर्षापूर्वी मी एक छोटंसं वेब-पान बनवलं होतं. मी इथल्याच लालबाग भागातल्या एका ऑफिसात दुकानांच्या वेबसाइट बनवते, मला ते अवघड नव्हतं. झटका आला की फोनवर लिहायचं, नाही आला तर 'आज काही नाही' हे बटण दाबायचं. सगळं त्याच फोनच्या ब्राउझरमध्ये राहतं, इंटरनेट लागत नाही. डॉक्टरांच्या रांगेत भेटणाऱ्या आयांनाही मी त्याचा पत्ता दिला होता. गोटूचं पान सासूबाईंच्या फोनवर होतं, कारण दिवसातले नऊ तास तो शाळेत नाही तर त्यांच्यापाशी.

मी त्यांच्याच फोनवर लिहिलं : सकाळी सव्वासात, बारा सेकंद, पापण्या, ओठ. खाली 'नोंद झाली' अशी हिरवी ओळ उमटली. वर सगळे पस्तीस दिवस कोरे करकरीत : कुठे 'आज काही नाही', कुठे नुसती रिकामी जागा, आणि तिथे बटण दाबायचं राहून गेलं असेल असंच मी धरलं होतं. याच कोऱ्या दिवसांकडे पाहून डॉक्टर गेल्या शनिवारी म्हणाले होते, "छान आहे, डोस वाढवायची गरज नाही." मी त्या दिवशी घरी येऊन शिरा केला होता.

"आई, पाच आठवड्यांनी आला," मी म्हटलं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. घाबरल्या नाहीत. "लिहिलं ना? बस. आता त्याचं नाव काढू नको."

"म्हणजे?"

"उद्या सकाळी पाहा," त्या म्हणाल्या आणि चमचा उचलून धुवायला गेल्या.

मंगळवारी सकाळी पाहिलं. सोमवारची ओळ नव्हती. बाकी पस्तीस दिवस जसेच्या तसे, आणि जिथे मी स्वतःच्या अंगठ्याने बारा सेकंद लिहिले होते, तिथे पांढरी जागा.

मी कोड लिहिणारी बाई आहे. तरी खरं सांगते, त्या क्षणी माझ्या पाठीवरून गार काहीतरी गेलं, आणि त्यात भीतीपेक्षा आशा जास्त होती. पुसलं गेलं असेल तर बरंच होईल, असं माझ्या आत कोणीतरी म्हणालं.

"गेलं ना?" सासूबाई म्हणाल्या. "पाटीबाबांनी घेतलं."

मग त्यांनी मला सांगितलं.

महिनाभर त्या दर गुरुवारी पाटीबाबांकडे जात होत्या, गेल्या गुरुवारी तर मीच त्यांना स्कूटीवर फोपनारच्या रस्त्याला सोडलं होतं. मला वाटलं गुडघ्यांसाठी जातात. केळीच्या बागेलगत मांडव होता, दोनेकशे माणसं होती, निम्म्यांच्या कडेवर पोरं. मधे चौरंगावर पाटीबाबा, मांडीवर शाळेतली काळी पाटी. पूर्वी ते लोकांचं दुखणं पाटीवर लिहून हाताने पुसत. आता पाटी नुसती मांडीवर असते. त्यांचा माणूस लीलाधर तांब्याची परात फिरवतो, लोक फोन बंद करून त्यात ठेवतात, वर लाल फडकं, अकरा मिनिटं मंत्र. मी लांबून पाहून हसले होते आणि निघून आले होते.

मी पाहिलं नव्हतं ते हे, की मांडवाच्या खांबाला एक कागद चिकटवला होता आणि त्यावर माझ्या पानाचा पत्ता छापला होता.

"ज्याच्या पोराला झटके येतात त्यानं याच पानावर लिहायचं," सासूबाई सांगत होत्या. "मग फोन बंद करायचा. परातीत ठेवा, नाही तर घरी निजताना अंगाऱ्याची पुडी वर ठेवा. सकाळी वाईट तेवढं जातं, चांगलं तेवढं राहतं. मृणाल, मी माझ्या डोळ्यांनी पाहून राहिले रोज. चांगला दिवस एक पण गेला नाही."

"रोज? म्हणजे त्याला रोज येत होते?"

त्यांनी फोन उलटा करून ठेवला. बाबांचा नियमच तो : जे पुसलं गेलं त्याचं नाव काढायचं नाही, नाही तर परत येतं.

सासूबाईंना भोळ्या म्हणू नका. बत्तीस वर्षं त्यांनी अंगणवाडी चालवली. पोरांची वजनं, डोस, हजेरी सगळं रजिस्टरमध्ये, आणि वरचे लोक तपासायला आले की एकच वाक्य : रजिस्टरमध्ये नाही म्हणजे झालंच नाही. बत्तीस वर्षं ऐकलेलं वाक्य. पाटीबाबांनी तेच जरा गंधबिंध लावून म्हटलं, "माई, लिखा हुआ मिट गया, तो हुआ ही नहीं."

"येत्या गुरुवारी बाटली द्यायची आहे," त्या म्हणाल्या. "एवढे दिवस कोरे झाले ना. सगळे देतात. संध्याकाळी बाबा त्या तापीला सोडतात. सिरप बंद."

गोटूचं सिरप एकदम बंद केलं तर काय होऊ शकतं ते डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बारा सेकंदांचं भिंतीकडे पाहणं राहत नाही, मोठा झटका येतो आणि कधीकधी थांबत नाही. मी तसं म्हटलं. त्यांनी फोनचं पान माझ्यासमोर धरलं.

"तूच बनवलेलं आहे ना हे? मग तुझ्या पानावर तरी विश्वास ठेव."

माझ्याकडे दोन दिवस होते.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कोड उघडला. बुधवारी अर्धी रजा टाकली, आणि दुपारी गोटू माझ्या मांडीला डोकं लावून झोपला तेव्हा एका हाताने त्याचे केस आणि एका हाताने कीबोर्ड. वाईट दिवस जातात, चांगले राहतात. यंत्राला वाईट-चांगलं कसं कळतं? कळतच नाही. मग दोन नोंदींत फरक काय?

पाच आठवड्यांपूर्वी मी पानात एक बदल केला होता. डॉक्टरांना झटक्याचा व्हिडिओ हवा होता. आधी मी सगळ्या नोंदींचा साधा मजकूर करून साठवत असे. मजकुरात व्हिडिओ मावत नाही, म्हणून मी ब्राउझरची दुसरी, मोठी पेटी वापरायला लागले. त्या पेटीत वस्तू ठेवताना ब्राउझर तिची नक्कल काढतो आणि ती नक्कल ठेवतो. आता, पानावर दिसणाऱ्या माझ्या नोंदी साध्या नसतात. त्यांच्यावर एक पहारा बसवलेला असतो, म्हणजे नोंदीत काही बदललं की स्क्रीन आपोआप बदलते. हा पहारा ब्राउझरला नक्कल करता येत नाही. पहाऱ्यासकट दिलेली वस्तू तो पेटीत घेत नाही.

हे मला माहीत होतं. म्हणून मी ठेवण्याआधी वरचा पहारा काढला होता. फक्त वरचा. झटक्याच्या नोंदीत मात्र आत आणखी एक यादी असते : पापण्या, ओठ, हात. त्या आतल्या यादीचा पहारा तसाच राहिला. 'आज काही नाही' या नोंदीत यादीच नसते, म्हणून ती सुखरूप आत जाते. झटक्याची नोंद दारातून परत येते. स्क्रीनवर मात्र ती दिसत राहते, पान बंद होईपर्यंत. पान बंद झालं की फक्त पेटीतलं उरतं.

एवढाच चमत्कार.

पण नोंद परत आली तेव्हा ब्राउझर काही बोलला नाही का? बोलला होता. त्याचं तोंड मीच बंद केलं होतं. पूर्वी एकदा सासूबाईंच्या फोनमध्ये जागा संपली, पानावर लाल इंग्रजी ओळ आली, आणि त्या अशा घाबरल्या की दिवसभर फोनला हात लावला नाही. "हे माझ्यावर का चिडून राहिलं?" मला वाईट वाटलं. मी कोडमध्ये लिहून टाकलं : काही चुकलं तर पकड आणि गप्प बस. दोन कंस, मधे काही नाही. आणि हिरवी ओळ मात्र दर वेळी दाखव. मी ते मायेने केलं होतं.

आणि बदल केल्यावर तपासलं नाही का? तपासलं. 'आज काही नाही' दाबून तपासलं. झटक्याची खोटी नोंद करून पाहायला हवी होती. पण गोटूचं नाव टाकून, झटका आला असं खोटं लिहायला माझा हात उचलला नाही. अशुभ वाटलं. अंधश्रद्धेवर हसणारी मी, माझ्या लेकराच्या नावावर एक खोटी ओळ लिहायला भ्याले, आणि त्या भीतीच्या जागेवर पाटीबाबांनी चौरंग मांडला.

बुधवारी दुपारी ती खोटी नोंद मी केली. गोटूचंच नाव टाकलं. आत शिरून प्रत्येक थरावरचा पहारा काढला, साध्या वस्तू वेगळ्या केल्या, मग पेटीत ठेवल्या. ठेवल्यावर परत वाचून ताडून पाहिल्या. आणि जतन झालं नाही तर मराठीत, मोठ्या अक्षरात सांगायचं : 'ही नोंद ठेवली गेली नाही, कागदावर लिहा.' पान बंद केलं, फोन बंद केला, चालू केला. नोंद तिथेच होती. झोपेत गोटूने कूस बदलली. मी ती खोटी ओळ पुसली.

संध्याकाळी गौरव पेपर मिलमधून आला. माझा नवरा सगळं ऐकून म्हणाला, "तू बरोबर असशील. पण आईला असं सगळ्यांसमोर नको करू यार. घरात समजाव ना."

"घरात समजावते. त्या म्हणतात, तुझंच पान आहे."

"मग?"

"मग जिथे पाहिलं तिथेच दाखवावं लागेल."

तो बूट काढत राहिला. मग म्हणाला, "मी पण येतो. उद्याची शिफ्ट बदलून घेतो."

गुरुवारी दहा वाजता मांडव गच्च भरला होता. चौरंगाजवळ टोपली, तिच्यात सिरपच्या बाटल्या, सतरापर्यंत मी मोजल्या. सासूबाई गोटूचा हात धरून पुढे बसल्या होत्या. आमची बाटली अजून त्यांच्या पिशवीत होती.

"बोलो, किसका कोरा हुआ?" बाबा म्हणत होते. "डॉक्टर लिहितो, मी पुसतो. डॉक्टर की कलम बडी, या बाबा की हथेली? कलमवाला फीस घेतो, मी दुःख घेतो. माझ्या पोटात तीन हजार झटके आहेत, माई, आणि मी बघा, सुखाने केळी खातो."

लोक हसले. लीलाधर परात घेऊन फिरत होता. मी उभी राहिले.

"बाबा, हे पान मी बनवलंय."

माना वळल्या. बाबांनी हात जोडले. "आओ बेटी. माझी पाटी बनवणारी आली. बसा, ताईंना जागा द्या."

"हे पान बिघडलं होतं. वाईट नोंदी कोणी पुसत नव्हतं, त्या ठेवल्याच जात नव्हत्या. माझी चूक होती. हा माझा फोन, यात अजून जुनंच पान आहे. तुम्ही हात लावू नका, मंत्र म्हणू नका." मी सगळ्यांसमोर एक झटका लिहिला, पान बंद केलं, फोन बंद केला. ठेवायला काही दिसेना. गोटूच्या पायातला बूट काढला आणि फोन त्यात सरकवला. "बुटाला विनंती करते."

मागे कोणीतरी खिदळलं. फोन चालू केला, पान उघडलं, पहिल्या रांगेतल्या बाईच्या हातात दिला. "काय दिसतं?"

"कोरं आहे," ती म्हणाली. "बुटात पण गेलं की."

बाबांनी मान डोलावली. "जूते में भी मैं ही हूँ, बेटी. तुझ्या चुकीत पण मीच होतो. चूक कोणी करवून घेतली?"

"वा," एक म्हातारा म्हणाला. या माणसाला कशानेच धक्का लागत नव्हता. चूक सांगितली तर ती चूकही त्याचीच झाली.

"मग हे पुसून दाखवा," मी म्हटलं आणि सासूबाईंकडे गेले. त्यांच्या फोनवर दुरुस्त केलेलं पान होतं. "आई, आज सकाळी आला होता ना? दात घासताना? तुम्हीच लिहा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा लावला आणि रजिस्टर भरावं तसं एकेक अक्षर लिहिलं. सात वाजून पाच मिनिटं. आठ सेकंद. पापण्या. फोन बंद करून स्वतःच्या हाताने परातीत ठेवला.

लाल फडकं. अकरा मिनिटं मंत्र, पूर्ण. गौरव घड्याळ धरून उभा होता. मधल्या वेळात एका केळीवाल्या भाऊने विचारलं, "ताई, ते ठेवलं जात नव्हतं म्हणजे काय? समजेल असं सांगा."

"भाऊ, घड गाडीत भरायचा तर आधी काय करता?"

"कापतो."

"न कापता भरता येईल? झाडाला चिकटलेला?"

"कसा भरेल? गाडी झाडासकट नेऊ का?"

"तेच झालं. या नोंदी स्क्रीनला चिकटलेल्या असतात. मी वरून तोडल्या, आतून तोडायच्या राहिल्या. गाडी रिकामी गेली, आणि मी मात्र सगळ्यांना सांगत राहिले की माल भरला."

"मग ड्रायव्हर काही बोलला नाही?"

"बोलत होता. मी गप्प बसवला होता."

तो विचार करत मान हलवायला लागला. फडकं निघालं. सासूबाईंनी फोन चालू केला, पान उघडलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते, फोनकडे नाही.

"आहे," त्या म्हणाल्या. अगदी हळू. मग पुन्हा, "सात वाजून पाच. आहे."

"घरात काही सुतकबितक असेल," लीलाधर म्हणाला. "नाही तर ताईनं मंतरून आणलं असेल."

तेव्हा मागच्या खांबापाशी बसलेली एक बाई उठली. सिंधीपुऱ्यातली कोमल. डॉक्टरांकडे रांगेत आमची ओळख झाली होती, पान मीच तिला दिलं होतं. केस विस्कटलेले, हातात हॉस्पिटलची पिशवी.

"बाबा, मी विचारायला आली होती," ती म्हणाली. "सागरची बाटली दोन गुरुवार आधी दिली तुम्हाला. परवा तो शाळेत पडला. बराच वेळ थांबलंच नाही. भरती आहे. मी ते या पानावर चार वेळा लिहिलं. चार वेळा कोरं झालं." तिने फोन पुढे केला. "याच्यावर तर माझा पोरगा एकदम ठीक आहे. मग मी दवाखान्यात का बसून राहिली, ते सांगा."

बाबांनी पाटीकडे पाहिलं. बोलले ते फक्त "श्रद्धा कम पडी, माई", पण ते पहिल्या रांगेच्या पुढे ऐकू गेलं नाही. एक बाई उठली आणि टोपलीतून आपली बाटली शोधायला लागली. मग दुसरी. सगळ्या नाही उठल्या. निम्मा मांडव बसूनच होता, तो म्हातारा तर माझ्याकडे रागाने पाहत होता.

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. पिशवीवर दोन्ही हात ठेवून म्हणाल्या, "म्हणजे ते सगळे झालेच होते."

मी त्यांच्याजवळ बसले. गौरवने गोटूला बूट घातला.

शनिवारी मी डॉक्टरांना फोन केला, सगळं सांगितलं, माझी चूक धरून. ते रागावले नाहीत. "त्या पाच आठवड्यांत अंदाजे किती आले असतील?" त्यांनी विचारलं. मी सासूबाईंकडे पाहिलं. नाव काढायचं नव्हतं म्हणून त्यांनी मोजले नव्हते. शाळेच्या बाईंनी सासूबाईंना फोन करून सांगितलेले झटकेही त्याच पानात गेले होते. जे पेटीत गेलंच नाही ते शोधून सापडत नाही. "मग पुन्हा एकपासून मोजू," डॉक्टर म्हणाले. आणखी चार आठवडे.

पानावर आता मी आधी माझी चूक लिहिली आहे, मग सूचना. इथेही तेच सांगते. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच करा : तोच प्रकार बाबांशिवाय करून पाहा, बुटात करून पाहा. जो म्हणेल की अमुक गोष्टीचं नाव काढू नका, तिथे मोजायला बसा. औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका, कोणाच्याही हाताने, कोणत्याही नदीत. आणि आपण जे बनवतो, यंत्र असो की घर, त्यातल्या वाईट बातमीचं तोंड मायेनेसुद्धा बंद करू नका. अशुभ वाटलं तरी वाईट दिवस लिहून पाहा. लिहिल्याने तो येत नाही, आणि न लिहिल्याने टळत नाही.

सासूबाई आता फोनशिवाय एका वहीतही लिहितात. काल संध्याकाळी दोघं आजी-नातू वहीवर वाकले होते. मी कणीक मळत ऐकत होते. गोटू नवीनच आकडे वाचायला शिकलाय.

"सोमवारी तीन. मंगळवारी दोन. आज एक." त्याने पान उलटलं. मागे काही नव्हतं. त्याने आणखी एक उलटलं, मग वही हातात घेऊन माझ्याकडे आला.

"मम्मी, याच्या आधीचे मला किती आले होते?"